अठ्ठेचाळीस दिवसांची घागर

मंठाळ, ता. २२ जून १९५२

ती. वीरभद्रप्पा अण्णांस लिंगम्माचा शरणार्थ.

(बाई बोलतात तसंच लिहायचं, एक अक्षर सुधारायचं नाही, अशी मला ताकीद आहे. – उद्धवराव मास्तर, मंठाळ.)

अण्णा, बातमी आनंदाची हाय. तुझे दाजी आता साधे मानूस ऱ्हायले न्हाईत.

तुला ठावं हाय, निजामाच्या येळंपून कल्याणच्या जागिरीच्या कचेरीत एकोनीस वर्सं ह्यांनी उर्दूत कागद लिहिले. जागीर मोडली, आन् मागल्या दिवाळीला नव्या सायबानं ह्यास्नी घरी जा म्हनलं. उर्दूचं काम आता न्हाई म्हने. तवापून गावातच हाईत. शेत धाकटा दीर बघतो, ह्यांचा हात नांगराला कधी लागला न्हाई. आधी मला भ्या वाटलं, आता ह्या मानसाचं करू काय? पर चैत्रापासून सकाळी उठून गुडीच्या कट्ट्यावर देवापुढं जाऊन बसायलेत, दिवे लागंपतूर. बोलत न्हाईत, रागवत न्हाईत, काही मागत न्हाईत. म्हादाप्पाचा बैल अंगावर आला तरी हलले न्हाईत. गुंडप्पा मालक म्हनले, "लिंगम्मा, तुझा नवरा संसारातून उतरला. ह्ये शरनाचं, साधूचं लक्षन हाय." राजूबाईची म्हस लाथा मारायची, ती ह्यांच्यापुढून नेली तर दुसऱ्या दिशी गुमान दूध दिलं. आता सोमवारी नारळ यायलेत. बाया माझ्याबी पाया पडायलेत. मला लाज वाटती, पर खोटं कामून बोलू, बरंबी वाटायलंय.

लोकं लई येतात, त्यास्नी पानी पाजायला गुडीला एक मोठी तांब्याची घागर पाठव. तुझ्या दुकानातली, चांगली बघून.

वहिनीला जाऊन वरीस झालं. तू येळंवर जेवतोस का?

लिंगम्मा

✦

भालकी, ता. २९ जून १९५२

चि. सौ. लिंगम्मास वीरभद्रप्पाचा आशीर्वाद. मास्तरांना नमस्कार, माझं पत्रही जसंच्या तसं वाचून दाखवावं, गाळू नये.

बातमी वाचली. आपल्या घरात शरण निघाला तर मला कामून वाईट वाटंल? मी डोक्यावर हारा घेऊन गावोगाव "मोड द्या, भांडी घ्या" ओरडत फिरलेला माणूस. माझा मेव्हणा स्वामी झाला तर दुकानावर पाटीच लावीन.

पण तुला माझी खोड माहीत आहे. घागर कितीही चकचकीत असू दे, मी ती बोटानं वाजवल्याशिवाय घेत नाही. चांगली असंल तर लांबपर्यंत वाजत राहते. चीर गेली असंल तर डोळ्याला दिसत नाही, पण बद्द वाजते. तुझं पत्र मी दोनदा वाजवून बघितलं. म्हणून चार गोष्टी विचारतो, सरळ उत्तर दे.

दाजी सकाळी आंघोळ करतात का? लिंगपूजा करतात का? रात्री झोपतात का? आणि जेवताना काय जेवलो हे त्यांना कळतंय का? कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीसाठी हा माणूस कल्याणहून पायी आलेला मी बघितलाय. परवा चटणी वाढलीस तेव्हा काय म्हणाले?

शरण माणूस संसारातून उतरतो म्हणतात ते खरं. पण उतरणं वेगळं आणि पडणं वेगळं.

घागर तयार आहे. उत्तर आल्यावर पाठवतो.

माझं चाललंय. भालकीत माणूस उपाशी राहत नाही.

वीरभद्रप्पा

✦

मंठाळ, ता. ८ जुलै १९५२

अण्णास शरणार्थ.

तू तर सरकारी सायबावानी सवाल पुसायलास. आंघोळ व्हती. पूजा व्हती. मोठ्या मानसाला झोप कमीच लागती. आन् चटनीचं काय घेऊन बसलास? जिभेचे चोचले सुटले म्हनूनच लोकं पाया पडायलेत ना?

गुंडप्पा मालकानं ठरवलंय, श्रावनातल्या पयल्या सोमवारी ह्यास्नी गुडीमागच्या खोलीत बसवायचं, कायमचं. तिथंच ऱ्हायाचं, तिथंच प्रसाद घ्यायचा. बायकोनं मंग आत जायचं न्हाई, असा नेम हाय म्हने. मी व्हय म्हनले. न्हाई म्हनायला मी कोन?

घागर पाठव. आन् तू जेवतोस का ते लिहिलं न्हाईस. भालकीतली मानसं जेवतात, ते मी पुसलं न्हवतं.

लिंगम्मा

वीरभद्रप्पा, हे खालचं मी माझ्या जबाबदारीवर लिहितो. बाई पाणी आणायला गेल्या आहेत. त्यांनी आज एक मजकूर सांगितला, रडल्या, आणि मला तो खोडायला लावला. खोडलेलं पुन्हा लिहू नये हे मला कळतं, पण न लिहिणं जास्त वाईट वाटतं. तो मजकूर असा:

"गळ्यातलं लिंग काढून त्यांनी चांदीच्या डबीसकट खुंटीला लावलंय. चैत्रापासून तिथंच हाय. पूजा न्हाई म्हनून जेवन न्हाई. मी बळंबळं चार घास भरवते. अंगाला पानी लागून आठ दिवस झाले. झोप येत न्हाई, आढ्याकडं बघत पडतात. एकदाच बोलले. म्हनले, लिंगे, माझा आता उपयोग काय?"

गावाला यातलं काही माहीत नाही. गळ्यात उपरणं असतं, म्हणून कुणाला दिसत नाही.

– उद्धवराव

✦

भालकी, ता. १४ जुलै १९५२

चि. लिंगम्मा,

मास्तरांवर रागावू नकोस. त्यांनी केलं नसतं तर मी स्वतः येऊन खुंटी बघितली असती.

आता शांतपणे ऐक. दाजी स्वामी झाले नाहीत आणि वेडेही झाले नाहीत. त्यांचं मन आजारी आहे. हा आजार मला ओळखीचा आहे. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू मला मोठा समजतेस.

चार वर्षांमागं पोलीस ॲक्शनच्या गडबडीत माझं दुकान गेलं ना, तेव्हा सगळे म्हणाले, वीरभद्रप्पा धीराचा, डोळ्यात पाणी नाही. डोळ्यात पाणी यायला माणूस आत तरी असावा लागतो. मी चार महिने भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. जेवण मातीसारखं लागायचं. कुणी बोललं की वाटायचं, लांब विहिरीतून कुणी बोलायलंय. तेव्हा खाजामियाँ कल्हईवाला आला. माझ्या वाचलेल्या दोन हंड्या उलट्यापालट्या करून बघितल्या आणि म्हणाला, "क्या सेठ, कलई उड़ गई बोल को हंडी फेंकते क्या?"

एवढंच बोलला. पण तुझी वहिनी कमळा दारात उभी होती, तिनं ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशीपासून सूर्य उगवायच्या आधी ती मला उठवायची. आंघोळ, विभूती, पूजा. मग स्टेशनापर्यंत चालत जायचं आणि यायचं; मी नको म्हटलं की तीच पुढं चालायला लागायची. जेवायला माझ्यासमोर बसायची. मी घास घेईपर्यंत तीही घ्यायची नाही. दुपारी आडवं होऊ द्यायची नाही. संध्याकाळनंतर चहा बंद. आणि रोज एक तरी माणूस घरी बोलवायची, मी बोलो न बोलो. पहिले पंधरा दिवस मी तिला मनात शिव्या दिल्या. महिन्यानं एका सकाळी स्टेशनाजवळ भजी तळायचा वास आला, आणि तो वास मला *आला*. तेव्हा कळलं, परत यायलोय.

कल्हई एकदा करून भागत नाही, लिंगम्मा. रोजच्या वापरानं उडते, पुन्हा करावी लागते. न केली तर त्याच भांड्यात चांगलं अन्न कळकतं. मनाचंही तसंच आहे. त्यात लाजायचं काही नाही.

आता अडचण अशी, की दाजी तुझं ऐकणार नाहीत, माझंही नाही. आणि गावाला "हा शरण नाही, आजारी आहे" म्हणालीस, तर उद्यापासून जे पाया पडतात तेच बोट दाखवतील. म्हणून मी गुंडप्पा मालकाला वेगळं पत्र लिहितोय. त्यात काय आहे ते विचारू नकोस. मालक काही म्हणाले तर फक्त "व्हय" म्हण. तुला ते चांगलं येतं, खोलीच्या वेळी बघितलंच.

घागर त्या पत्राबरोबरच येईल. ताजी कल्हई करून घेतलीय.

वीरभद्रप्पा

✦

भालकी, ता. १४ जुलै १९५२

मंठाळचे मानकरी गुंडप्पा मालक यांस वीरभद्रप्पा भांडीवाल्याचा शरणार्थ.

आपण माझ्या मेव्हण्याची पारख केली, गावाचे उपकार झाले. सोबत गुडीसाठी एक घागर पाठवतोय.

एक शंका मात्र मनात आहे, ती आपल्यासारख्या जाणत्यापुढंच ठेवावी. आपल्या पंथात कायकाशिवाय, म्हणजे हातानं केलेल्या कामाशिवाय, कुणाला मान नाही. कुणी कातडं कमावत होता, कुणी होडी चालवत होता, पण नुसता बसलेला शरण मी तरी ऐकला नाही. उद्या शेजारच्या गावानं विचारलं, "तुमचे स्वामी करतात काय?" तर मंठाळनं काय सांगायचं?

माझी सूचना अशी. पहिल्या सोमवारी बसवण्याऐवजी त्या दिवसापासून अठ्ठेचाळीस दिवसांचं मंडल धरावं. पहाटे चार मानकऱ्यांनी घंटा वाजवत त्यांच्या दारी जावं. आंघोळ, विभूती आणि लिंगपूजा मानकऱ्यांसमोर व्हावी. मग गावाबाहेरच्या बारवेतून अकरा घागरी पाणी त्यांनी स्वतः गुडीच्या हौदात आणावं. एकट्यानं नाही, मानकरी बरोबर चालतील. सकाळचं ऊन पाठीवर घ्यावं. दुपारी दासोहाच्या पंगतीत सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवावं. दिवसा निजू नये. जो भेटायला येईल त्याच्याशी किमान एक वाक्य बोलावं. तिसऱ्या प्रहरी पोरांत बसून एक गोष्ट ऐकावी. दिवेलागणीनंतर चहा नाही, लवकर निजावं. आणि मंडल पुरं होईपर्यंत घरीच राहावं, गृहस्थानं गृहिणीच्या हातचं पाणी घेऊन.

हे सगळं पार पडलं तर दसऱ्याला खुशाल बसवावं. मी स्वतः पितळेची समई घेऊन येईन.

वीरभद्रप्पा

✦

मंठाळ, ता. २१ जुलै १९५२

रा. वीरभद्रप्पा यांस,

आपली सूचना पंचांसमोर ठेवली. सर्वांस पटली. खरं तर माझ्याही मनात कायकाचाच विचार होता, बोलून दाखवला नव्हता इतकंच. शेजारच्या गावाची काळजी आपण करू नये. त्यांच्याकडं बसणारा तरी कोण आहे?

दोन बाबी विचारायच्या. पोरांत बसून गोष्ट ऐकावी हे कुठल्या पोथीत? आणि मानकऱ्यांनी बारवेपर्यंत बरोबर चालायलाच हवं का? माझे गुडघे धरतात. तरी गावासाठी करतो.

घागर चांगली आहे. वाजवून बघितली.

गुंडप्पा

✦

मंठाळ, ता. १३ ऑगस्ट १९५२

अण्णास शरणार्थ.

आज सतरावा दिस. सगळं सांगते, मास्तरांचा हात दुखला तरी.

पयल्या सोमवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत घंटा वाजली. बाहेर पाऊस. दारात चार म्हातारे डोईवर पोती घेऊन भिजत उभे. हे आतून हलंनात. मी म्हनले, "आवं उठा, मालक भिजायलेत." कितीतरी येळानं उठले, ते काही देवासाठी न्हाई, म्हाताऱ्यांची कीव येऊन. अंगावर पानी घेतलं. मी खुंटीवरची डबी काढून हातात दिली. त्यांनी गळ्यात घातली. मालकास्नी अंधारात दिसलं न्हाई, बरं झालं.

बारवेच्या वाटंला तिसऱ्याच घागरीला पाय घसरला, घागर पडली, बाजूला हा एवढा पोचा. मालक वरडले, "आरं आरं, नवी घागर!" हे घागरीकडं बघत उभे. तवा तुझ्या घागरीची मला दया आली, अण्णा. पर ती गळत न्हाई. त्याच घागरीनं अजून आनायलेत.

पयल्या दिशी तीनच झाल्या. मालक म्हनले, अकरा पुऱ्या व्हायाच पायजेत, न्हाईतर मंडल मोडंल. मंग उरलेल्या आठ घागरी मानकऱ्यांनी आनल्या. चवथ्या दिसापून गडी मानसं बी घागरी घेऊन मागं यायलीत. आता पहाटं निम्मं गाव बारवेच्या वाटंला असतंय. मालकाचे गुडघे धरायचे ऱ्हायले. त्यांची बायको म्हनती, "आमचा म्हातारा घोरायचाबी थांबला, त्यो तुमच्या नवऱ्याचा चमत्कार."

दर मानसाशी एक वाक्य, ह्ये लई जड गेलं. "बरं." "बसा." "पाऊस हाय." असंच बोलायचे. पर राखीपुनवेच्या दुसऱ्या दिशी राजूबाई आली. फडक्यात गुंडाळलेला उर्दू कागद. तिच्या सासऱ्याच्या येळचा, बांधाचा. गावात आता कुनाला वाचता येईना, नव्या कचेरीत म्हनले दुसरीकडं जा. तिनं कागद पुढं ठेवला, म्हनली, "स्वामी, एक वाक्य बोलायचंच हाय ना, मंग ह्यातलंच बोला." यांनी कागद हातात घेतला. उजेडाकडं धरला. आन् अण्णा, एक न्हाई, सबंद कागद वाचला. वरून म्हनले, "ज्यानं लिहिलाय त्याचं अक्षर भिकार हाय." चैत्रापासून इतकं मोठं वाक्य मी ऐकलं न्हवतं.

आता रोज एकदोघं कागद घेऊन येतात. नारळ कमी झालेत.

तू जेवतोस का? ह्ये तिसऱ्यांदा पुसायले.

लिंगम्मा

✦

भालकी, ता. २० ऑगस्ट १९५२

चि. लिंगम्मा,

पत्र चारदा वाचलं. बांधाच्या कागदाचं वाचून दुकानात एकटाच हसलो. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला वाटलं त्यालाच हसलो. हंडा न घेता गेला.

एक सांगून ठेवतो. मध्ये एखादा दिवस वाईट येईल. येतोच. माझ्या वेळी पंचविसाव्या दिवशी मी परत भिंतीकडं तोंड केलं होतं. कमळा रागावली नाही. फक्त म्हणाली, "आज स्टेशन नको, उंबऱ्यापर्यंत चला." असा दिवस आला तर घाबरू नकोस आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करू देऊ नकोस. अकरा नाही तर एक घागर. पण एक.

घागरीचा पोचा काढून देईन, सवडीनं.

माझं म्हणशील तर दुकानावर चुरमुरे, शेंगा, काहीबाही चाललेलं असतं. एकट्या माणसानं चूल पेटवायची कुणासाठी? काळजी करू नकोस.

वीरभद्रप्पा

✦

मंठाळ, ता. १५ सप्टेंबर १९५२

अण्णास शरणार्थ.

तू म्हनलास तसंच झालं. तेहतिसाव्या दिशी उठले न्हाईत. घंटा वाजली, मानकरी थांबले, हे पांघरून वढून पडलेले. मालक म्हनले, "मंडल मोडलं. आता पुन्हा एकपासून." मी बाहेर आले. आयुष्यात पयल्यांदा मालकाच्या तोंडावर बोलले. म्हनले, "मालक, तुमचे गुडघे धरले तवा त्यांनी तुमच्यासाठी एकपासून मोजलं न्हाई. आज एक घागर व्हईल, मंडल मोडनार न्हाई." आन् आत जाऊन ह्यास्नी म्हनले, "आज बारव नको. अंगनातल्या रांजनातून तुळशीला तांब्याभर." लई येळानं उठले. तुळशीला पानी घातलं, परत निजले. दुसऱ्या दिशी दोन घागरी. तिसऱ्या दिशी सात.

परवा मंडल पुरं झालं. शेवटच्या दासोहाला सगळं गाव. हुग्गी, आमटी, भात. पंगत बसली. मालक मधोमध, शेजारी हे. सगळे गप, स्वामी पयला घास घेतात म्हनून. यांनी आमटी भुरकली. थांबले. मंग मोठ्यानं म्हनले, "आमटीत मीठ टाकायचं इसरलात का वाणी रुसला?"

पंगत फुटली, अण्णा! पोरं हसली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आन् हे बी हसले. हसता हसता डोळं पुसले. मी मीठ आनायला आत गेले आन् आतच बसून ऱ्हायले थोडा येळ.

मालक मातर गंभीर. रात्री पंच बसले. "जो मिठाला नावं ठेवतो त्याला खोलीत कसं बसवायचं? जीभ अजून संसारात हाय." खोली रद्द. गावाला वाईट वाटायलंय. दुसऱ्या गावात सांगायला स्वामी न्हाई. पर पहाटं बारवेला जायचं काही कुनी सोडलं न्हाई. मालकच पुढं असतात, घंटा घेऊन.

एक सांगायचं ऱ्हायलं. तुझी सगळी पत्रं मी पेटीत ठिवली व्हती. ह्यांनी मागितली, मी दिली. कामून न्हाई म्हनू? सगळी वाचून काढली. मंग पत्रात मी तुला काय पुसते ते मलाच इचारलं.

तू जेवतोस का, अण्णा?

लिंगम्मा

✦

मंठाळ, ता. २४ सप्टेंबर १९५२

प्रिय वीरभद्रप्पा,

मराठीत पत्र लिहायची सवय नाही. हात अजून उजवीकडून डावीकडं जायला बघतो. अक्षर वाकडं आलं तर भांड्याचा पोचा समजून घ्या.

पोरांत बसून गोष्ट ऐकायचा नेम कुठल्याच पोथीत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. शास्त्रात तुमची दुकानदारी मिसळलेली होती. तरी मी पाणी वाहिलं. कशासाठी, ते सांगतो. सुरुवातीला चार म्हाताऱ्यांसाठी. मग सवयीनं. मग एक दिवस लक्षात आलं की सातव्या घागरीला ऊन बरोबर मानेवर येतं, आणि मी त्याची वाट बघायलोय. एवढंच झालं. कुठला साक्षात्कार नाही. ऊन मानेवर येतं, हे कळणं.

आजही सगळं ठीक आहे असं नाही. कधी कधी सकाळी छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. तेव्हा मी पाय खाली टेकवतो, बाकी घंटा बघून घेते.

आता तुमच्याबद्दल. एकोणीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचले. अर्जात माणूस काय लिहितो त्यापेक्षा काय लिहीत नाही ते मला आधी दिसतं. लिंगम्मानं तुम्हाला चार पत्रांत चारदा एकच गोष्ट विचारली. पहिल्यांदा तुम्ही उत्तर दिलं, भालकीत माणूस उपाशी राहत नाही. दुसऱ्यांदा माझ्या आजारावर मोठं पत्र लिहिलंत आणि हा प्रश्न गाळलात. तिसऱ्यांदा चुरमुरे, शेंगा. चौथ्याचं उत्तर अजून आलंच नाही. आणि चौदा जुलैच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, कमळाबाईंनी उठवलं, कमळाबाई पुढं चालल्या, कमळाबाई समोर बसल्या. त्या जाऊन वर्ष झालं. आता तुम्हाला कोण उठवतं, याबद्दल त्या चार पानांत एक ओळ नाही. स्टेशनापर्यंत शेवटचं कधी चाललात?

मला जो उपाय पाठवलात तो तुमचाच होता. तुम्ही तो देऊन टाकलात आणि स्वतःकडं काही ठेवलं नाही. कान तुमचे तीक्ष्ण आहेत, मेव्हणे, पण माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकू येत नाही. मी ऐकला. बद्द वाजला.

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की मी निघतो. कल्याणपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार. घागर बरोबर आणतोय. पोचा तसाच राहू द्या, धरायला सोयीचा आहे. गुडीला बदली घागर पाठवायची जबाबदारी तुमची. भालकीत मुक्काम अठ्ठेचाळीस दिवस. लिंगम्माला विचारलं, ती म्हणाली, "व्हय." ह्या वेळी मनापासून म्हणाली.

तुमच्याकडं कुणाचे जुने उर्दू कागद असतील तर सांगून ठेवा. दुपारी मी मोकळा असेन.

सिद्धप्पा

✦

भालकी, ता. २ ऑक्टोबर १९५२

चि. लिंगम्मा,

दाजी काल संध्याकाळी पोचले. मोटारीतून उतरले ते घागर काखेत, आणि पहिलं वाक्य, "पत्राचं उत्तर न देता कुठं लपलात?" मी म्हटलं, दुकानात. म्हणाले, "तेच म्हणतोय."

घरात शिरल्यावर त्यांनी चुलीवर बोट फिरवून बघितलं. धूळ होती. बोट धोतराला पुसलं. मला बोलले असते तर सोपं गेलं असतं.

आज पहाटे उठवलं. मी म्हणालो, दाजी, माझं वय बघा. म्हणाले, "गुंडप्पा मालकाचं बघितलंय." स्टेशनाजवळच्या विहिरीवर गेलो. ते पुढं, मी मागं. तीन घागरी झाल्या, पुढं दम लागला. उरलेल्या त्यांनी आणल्या आणि दर खेपेला मोजून सांगितल्या, कारकून कुठला. वाटेत खाजामियाँ भट्टी पेटवत बसला होता. दोघांना बघून म्हणाला, "आओ सेठ, बहुत दिन लगे."

घरी आल्यावर चूल पेटवली. धूर फार झाला, डोळ्यांत पाणी आलं. दाजींना मी धुराचंच कारण सांगितलं, त्यांनी ते मान्य केलं. कमळाच्या परातीत पीठ मळलं. भाकरी गावाच्या नकाशासारखी आली. आमटी मी केली. मीठ जास्त पडलं. दाजी जिभेला चटका बसल्यासारखं करून माझ्याकडं बघत राहिले. मग मीच म्हणालो, "खारट झालीय."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढे दिवस राहिलं होतं, ते आज देतो.

व्हय. जेवलो. बसून.

वीरभद्रप्पा